शून्यावरची ताई

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलं हे. घरात तिला सगळे छोटी म्हणतात.

आणि रात्रबित्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती. लायब्ररीचा वरचा हॉल, विद्यार्थ्यांसाठी मोफत हॅकेथॉन. जोडीने बसायचं, दिवसभरात एक ॲप बनवायचं, संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचं.

जोडीने...

नोंदणी करताना छोटीने सवयीने दोघींची नावं टाकली होती. स्वतःचं आणि मोठ्या बहिणीचं, ताईचं.

ताईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ऑफिसातून निघाली, ती घरी पोहोचलीच नाही. वाटेत अपघात.

आयोजकांपैकी एक दाढीवाला दोन लॅपटॉप घेऊन आला. जोडीची फाइल एकच, दोघींनी आपापल्या लॅपटॉपवरून तिच्यात लिहायचं, प्रत्येकीचा कर्सर वेगळ्या रंगाचा.

"पार्टनर कुठाय?"

"येतेय," छोटी म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाही कळलं नाही.

"झोपाळू दिसतेय. आली की पाठव माझ्याकडे, तिचा पासवर्ड देतो."

दुसरा लॅपटॉप बंदच राहिला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर.

ॲपची कल्पना ताईचीच. आई रोज संध्याकाळी प्रत्येकाला फोन करून डोकं खायची, पोहोचलीस का, पोहोचलात का. ते काम ॲपने करायचं. घरातल्या एकेकाला विचारायचं.

ताईचं एवढं तरी अर्धवट राहू नये, म्हणून छोटी आली होती.

पण काही केल्या जमेना. दर वेळी यादीतलं एक माणूस गळत होतं.

टक.

आवाज शेजारून आला...

बंद लॅपटॉपमधून.

टक. टक. मग स्पेसबारवर एक सणसणीत थाप. ताई अशीच आपटायची.

छोटीने मान वळवली नाही. तिच्या स्क्रीनवर, तिच्या हिरव्या कर्सरखाली, एक केशरी कर्सर उमटला होता...

// अगं शहाणे

ओळीच्या सुरुवातीला अशा दोन तिरप्या रेघा मारल्या की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो. ती ओळ माणसाने माणसासाठी लिहिलेली असते.

// मोजणी एकपासून केलीस

कोडवाले शून्यापासून मोजतात. यादीतलं पहिलं माणूस म्हणजे शून्य. नवशिके हमखास इथेच चुकतात. पण छोटी काही नवशिकी नव्हती.

शून्यावर ताई होती.

// मला वगळून कसं चालेल

छोटीने एकाच्या जागी शून्य केलं. अक्षरं नीट दिसत नव्हती तिला.

ॲप चाललं.

ताई, पोहोचलीस का? छोटी, पोहोचलीस का? आई... बाबा...

"जोरात आहात की दोघी," मागून दाढीवाला म्हणाला. "पार्टनर घरून करतेय का?"

"तिला पासवर्ड दिलात तुम्ही?"

"मी? मी कुणालाच नाही दिला."

बंद लॅपटॉपकडे त्याचं लक्ष गेलं. मग तो दुसऱ्या टेबलाकडे निघून गेला.

सहाला सगळ्यांच्या फाइली आपोआप बंद होणार होत्या. मोफतचा मामला. सहा वाजतच आले होते. ॲप जमा करायचं सोडून छोटीने घाईघाईने लिहिलं,

// ताई, घरी येशील?

केशरी कर्सर नुसता लुकलुकत राहिला...

लुकलुकत राहिला...

// न

आणि फाइल बंद झाली.

'नाही' असेल. 'नको' असेल, म्हणजे बोलावू नकोस. तिची आई म्हणते, 'नक्की'च असणार. आमची ताई काहीही विचारलं तरी आधी 'नक्की' म्हणायची.

खरंय ते. म्हणायची.

त्या दिवसापासून आई दाराला कडी लावत नाही.

ती झोपली की छोटी उठते आणि कडी लावते. तिथेच दाराशी उभी राहते, थोडा वेळ...

मग काढते.