तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा

“तिसऱ्यांदा नाही म्हणणार मी. दोनदा म्हटलं, बास झालं.”

मलीहेखाला दारातच अडून उभी होती. माझी मावशी. आणि ती चिडली होती तिच्या धाकट्या मुलावर, बेहरंगवर. त्याच्या हातात कॅमेरा, कपाळावर आठ्या.

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही.

तेहरानच्या शेजारचं करज. जुन्या बिल्डिंगचा सगळ्यात वरचा मजला. थंडीचे दिवस, गुरुवार, दिवेलागणीची वेळ. मी तिथे नव्हतो. मला बेहरंगने सांगितलं, आणि बेहरंग खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. सांगताना ते पांढरे पडले होते.

तर बेहरंग एक फिल्म बनवत होता. भुताचीच, पण त्यात भूत नाही, रक्त नाही, संगीत नाही. एक बाई संध्याकाळी दार उघडते. समोर कोणी नसतं. ती रिकाम्या जिन्याला म्हणते, “या ना, आत या.” मग कॅमेरा नुसता तिच्याकडे बघत राहतो.

“आणि मग काय होतं?” गेलारेने त्याला विचारलं होतं. गेलारे त्याची मैत्रीण, आवाज रेकॉर्ड करायचं काम तिच्याकडे.

“काही नाही होत.”

“भूत नाही, शेवट नाही. निदान जेवायला तरी घालणार आहेस का?”

बाईचं काम करणारी नटी ऐन वेळी आलीच नाही. म्हणून खाला उभी राहिली. एकच तर वाक्य आहे, असं बेहरंगने तिला पटवलं.

पण तिला ते वाक्य नको होतं. का नको होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

पूरिया.

खालाचा थोरला. काही वर्षांपूर्वी डोंगरातून, बर्फातून चोरवाटेने तुर्कस्तानला निघाला. सरहद्दीजवळून त्याचा आईला फोन आला होता. “मामान, मोजे भिजलेत माझे. बाकी मजेत आहे.”

तो शेवटचा.

सोबतची पोरं पोचली. ती म्हणाली, तो बर्फात मागे राहिला. ना माणूस सापडला, ना प्रेत.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी गेलेल्या माणसांच्या नावाने हलवा करतात. त्या वेळी ती घराकडे फिरकून जातात म्हणे. खालाने पूरियाच्या नावाने कधी हलवा केला नाही. शेजारणीने एकदा नुसता विषय काढला, तर खालाने तिच्याशी बोलणंच टाकलं. हलवा मेलेल्यांसाठी असतो. हिचा पोरगा प्रवासात होता.

पूरियाने कधी बेल वाजवली नाही. खांद्याने दार ढकलून आत यायचा. म्हणून खाला रात्रीसुद्धा दाराला कडी लावायची नाही. दार नुसतं लोटलेलं.

बेहरंगला हे बघवत नव्हतं. आईने त्या रिकाम्या जिन्याकडे एकदा नीट बघावं, तिथे कोणी नाही हे तिला कळावं... खरं तर फिल्म त्यासाठीच होती. पण हे तो तेव्हा कुणाला बोलला नाही.

पहिल्यांदा खालाने दार उघडलं. त्या जिन्यात माणूस आला की दिवा आपोआप लागतो. दिवा बंद होता.

“या ना, आत या.”

शांतता...

गेलारेने हेडफोन कानाशी दाबले. खाली कोणीतरी पाय घासला, म्हणाली. बेहरंग कठड्यापाशी गेला तसा दिवा लागला; त्याने वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. पुन्हा घेऊ, म्हणाला.

दुसऱ्यांदा खाला तेच बोलली. या वेळी गेलारेला खाकरल्याचा आवाज आला. पाहुणा लाजत लाजत खाकरतो ना... तसा. एक मजला खालून. त्या मजल्याला महिनाभर कुलूप होतं.

दिवा बंदच.

आणि बेहरंग म्हणाला, अजून एकदा.

तिथून भांडण पेटलं. कारण आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा नाही म्हणतो. दुसऱ्यांदाही नाही म्हणतो. ते सगळं वरवरचं असतं, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्यांदा बोलावलं की ते मनापासूनचं. मग तो येतोच. हे शेंबड्या पोरालाही कळतं. बेहरंगच्या डोक्यात फक्त कॅमेरा होता.

“मामान, फिल्म आहे ही. कोणी पाहुणा नाहीये तिथे.”

“तुला दिसत नाहीये.”

बेहरंगचं डोकं फिरलं. नको ते तोंडातून गेलं.

“पूरिया येणार नाहीये, मामान. तिसऱ्यांदा म्हण, नाहीतर शंभरदा म्हण. तो नाही येणार.”

खालाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. दाराकडे वळली. आणि या वेळी ती फिल्ममधलं वाक्य बोललीच नाही.

“ये रे. आत ये. दारात काय उभा राहिलास?”

जिन्यात काळोख...

मग आवाज आला. हेडफोन लागले नाहीत, सगळ्यांनी ऐकला.

“या अल्लाह...”

पुरुषाचा आवाज. हळू. दमलेला.

मग एक बूट काढल्याचा आवाज. मग दुसरा.

दिवा लागला नाही.

गार हवेचा झोत आत आला. खाला कोणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरकली. तिने दार लावलं.

आणि कडी घातली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गेलारेने हेडफोन तिथेच जमिनीवर ठेवले. ती न जेवता गेली. त्या घरात परत कधी आली नाही.

खाला चहा ओतत होती. ग्लास तीन. बेहरंगने ते मोजले. मग त्याने विचारलंच.

“मामान, पूरिया स्वतःच्या घरात शिरताना ‘या अल्लाह’ म्हणाला असता का?”

बरोबर होतं त्याचं. ती हाक परका पुरुष देतो. घरातल्या बायकांनी ओढणी नीट करावी म्हणून. घरचा पोरगा कशाला देईल?

खाला ग्लासाकडे बघत राहिली.

“इतकी वर्षं बाहेर राहिला रे. लाजला असेल. आपल्याच घरात परकं वाटलं असेल त्याला.”

“आवाज त्याचा होता?”

तिने तिसरा ग्लास टेबलाच्या रिकाम्या बाजूला सरकवला.

पुढच्या गुरुवारी जिन्यात पीठ भाजल्याचा वास सुटला. केशर, गुलाबपाणी. खाला रडत होती आणि ढवळत होती. पहिली बशी तिने त्याच शेजारणीला नेऊन दिली. शेजारीण दारातच रडायला लागली. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या म्हणे. त्यानंतर खाला रोज नीट जेवते. झोपते. सगळे म्हणतात, सुटली बिचारी.

बेहरंग सुटला नाही.

त्याने ते रेकॉर्डिंग पाहिलं. मलाही दाखवलं. ‘या अल्लाह’ त्यात नाहीच. नुसती शांतता... आणि मग कडीचा आवाज. पण खालाचा चेहरा आहे. ती बाजूला सरकते आणि आत येणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.

मान वर करून.

पूरिया बुटका होता. खालाच्या कानापर्यंतच पोचायचा. त्याच्याशी बोलताना तिने कधी मान वर केली नाही, वाकवली.

मग आत कोण आलं?

आणि पूरिया कुठेतरी जिवंत असला तर? जिवंत पोराच्या नावाने हलवा वाटला. त्याच्यासाठी उघडं ठेवलेलं दार परक्याला आत घेऊन बंद केलं. बेहरंगने हे खालाला सांगितलेलं नाही. फिल्मही पुरी केली नाही. गुरुवारी तो घरी थांबत नाही.

म्हणून आज मी थांबलोय. खालाला सोबत. हे तिच्याच घरात बसून लिहितोय, मोबाइलवर. बाहेर बर्फ पडतोय. समोर हलव्याची बशी आहे. टेबलाच्या पलीकडे एक ग्लास भरलेला, त्यातून वाफ येतेय.

आत्ता जिन्यात काहीतरी वाजलं.

पुन्हा...

चप... चप...

ओले मोजे घालून कोणी पायऱ्या चढावं, तसं.

फटीतून बघितलं. दिवा लागलेला नाही.

आवाज दारापाशी थांबला. खाकरणं नाही. बेल नाही. ‘या अल्लाह’ नाही.

दार बाहेरून ढकलतंय कोणीतरी. जोरात नाही. खांद्याने ढकलावं, तसं.

कडी वाजली. दार उघडलं नाही.

मी खालाकडे बघितलं. ती जागची हललीसुद्धा नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली, आणि मला म्हणाली, “कोणी नाही रे. यायचा तो आलाय.”

बाहेर पुन्हा ढकललं. आधीपेक्षा हळू.

मला आता निघायला हवं.

निघायचं म्हणजे कडी काढावी लागेल.