रुखमाबाईचं नाटक

जा ना. मी कुठी मना करतो? परवा पाहिलेलं नाटक आज पुन्हा पाहाचं असन तर पाहा. तिकीट तुमचं, झोप तुमची. फक्त प्रवीण, तू आत्ता हासत हासत जे म्हटलं ना, का त्या म्हाताऱ्या बाया पागल आहेत, एकच नाटक गावोगाव पाहत फिरतात... तेवढं नको म्हणू गा. बस जरा. लाकूड आत सरकव. ट्रॅक्टर याले अजून वेळ आहे.

धानोऱ्याचा जलालुद्दीन टेलर तुमाले मालूम आहे. बस स्टँडच्या मागं ओसरीत मशीन घेऊन बसते, तो. कमी बोलणारा माणूस. हे त्याच्यावर बीतलेलं आहे. मले त्यानं एकदाच सांगतलं. सांगताना सुई हातातच होती, पण टाका एक बी घातला नाई.

जलालुद्दीनभाईचं काम दोन तऱ्हेचं. सालभर गावचे ब्लाऊज अन् शाळेचे ड्रेस. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकवाल्यांचे कपडे. आपल्या झाडीपट्टीत या दिवसांत रोज नवं गाव, रातभर तोच खेळ. माणसाच्या आधी कपडे थकते.

गेल्या साली एका कंपनीचं ‘उंबरठ्यावरची जाई’ भल्लं चालून राह्यलं होतं. जाई नावाची पोरगी घर सोडून पळून जाते, नवरा मारते, अन् एका राती फाटक्या साडीत ते मायच्या दारात परत येते. दाराबाहेर बसून गाणं म्हणते. माय आतून कडीवर हात ठेवून उभी. बाप खाटेवर. अन् माय कडी काढत नाई. सकाळी शेजारी येऊन पाहते तवा पोरगी उंबरठ्यावर मरून पडली राहते. एवढंच नाटक. पण त्या गाण्याले सारा मंडप हुंदके देऊन रडे.

आता ते जाईची फाटकी साडी रोज रोज घालून खरोखरच फाटली. हासू नका. फाटकी साडी बी नवीच करा लागते. नवी घ्याची, बरोबर जागी फाडाची, अन् अंग दिसू नाई म्हणून आतून अस्तर लावाचं. कंपनीवाल्यांचा फोन आला. जलालुद्दीनभाईनं साडी तयार केली, पिशवीत घातली अन् सांजच्याले स्कूटी काढली. खेळ चिचटोल्याले होता. जंगलातला रस्ता, पण डांबरी आहे. गेल्या सालच्या पौषातली अवस. बुधवार.

निघाच्या आधी तो मागच्या गल्लीत गेला. रुखमाबाईकडे.

ही रुखमाबाई म्हणजे धानाची शेती करणाऱ्या घरची. नवरा मेलेला. जवळ भाचसून राहे, तेवढंच माणूस. तिची पोरगी कौतिका. रोडच्या कामावर आलेल्या एका ड्रायव्हरसंग गेली होती. मंग एका राती परत आली. दार वाजवलं. गल्लीनं ऐकलं ते, जलालुद्दीनभाईनं बी ऐकलं, पण दुसऱ्याच्या घरचं म्हणून कोणी उठलं नाई. आत नवरा, तवा जिता होता, तो म्हणे, खोलशील तर तू बी बाहेर जा. रुखमाबाई कडीवर हात ठेवून उभी राह्यली. उभीच राह्यली. सकाळी बाहेर कोणी नव्हतं. नदीत पाहिलं, नागपूरले पाहिलं, छत्तीसगडात पाहिलं. पोरीचा पत्ता लागला नाई तो नाईच.

त्यानंतर किती सालं गेले. अन् हे नाटक धानोऱ्याले आलं.

जलालुद्दीनभाई घरच्यांसंग गेला होता. बाजूलेच खाली बोरी अंथरून रुखमाबाई. दाराचा सीन आला. गाणं सुरू झालं. अन् ही बाई, जिचा आवाज कधी कोणी चढलेला ऐकला नाई, ते भर मंडपात म्हणाली, “उघड.”

लोकं हासले. तिनं पुन्हा म्हटलं. “उघड व. उघड.”

माय काही उघडत नसते. तसं लिहिलेलंच नाई.

दुसऱ्या रोजी रुखमाबाई शेजारच्या गावी गेली. तेच नाटक. मंग त्याच्या पुढच्या गावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, काळीपिवळीत, मिळंल तसं. खाली समोर बसे. सीन आला का तेच म्हणे, पण आता हळू. लोकं ओळखाले लागले. कोणी जागा धरून ठेवे, कोणी चहा दे. तसे फिरणारे दुसरे बी होते. कोणाले गाणं पाठ झालं होतं तरी ऐकाचं राहे. कोणी म्हणे, घरी रडलो तर दहा जण पुसते, इथी कोणी पुसत नाई. जलालुद्दीनभाई सोता कपड्याच्या नावानं जाये अन् रातभर बसे. त्याले मालूम राहे का आता हे होणार, मंग ते होणार. दिवसभर तसं काहीच मालूम नसते ना गा.

एकदा परतीच्या ट्रॉलीत त्यानं तिले पुसलं. “बाई, तुले त आखरी काय होते ते मालूम आहे. मंग काऊन जीव थकवतेस?”

ते म्हणाली, “घरी बसलं तरी तेच दिसते भाऊ. तिथी गाणं तरी राहते.”

ट्रॉली हेलकावे घेऊन राह्यली होती. अन् तिनं आपल्याच मनानं म्हटलं, “सिनेमा एकदा शिजून गेला का गेला. नाटक रोज नव्यानं शिजवा लागते. माणसंच करते ना ते? माणसाचा हात चुकते. एखाद्या राती चुकून का होईना, ते बाई कडी काढन.”



मंग रुखमाबाईचे पाय सुजले. श्वास लागे. डॉक्टरनं खाटेवरून उठू देल्लं नाई. तवा ते जलालुद्दीनभाईले म्हणाली, तू जातेस ना कपडे घेऊन, पाहून येत जा. तो जाये. दिवसभर मशीन, रातभर नाटक. डोळ्यात रेती गेल्यासारखं होये. पहाटे येऊन तिच्या दारात उभा राहे. ते जागीच.

“उघडलं?”

“नाई बाई.”

रोजचं हेच. बाई कूस बदलून घे. त्या माणसाले शिवणाचं वझं नव्हतं झालं, या दोन शब्दांचं झालं. एक दिवस तो थकून खोटं बोलला. “उघडलं बाई.”

तिचा चेहरा कसा झाला ते त्यानं मले सांगतलं नाई. तिनं एवढंच पुसलं, “मंग? पोरगी काय म्हणाली?”

त्याची मान खाली गेली. ते म्हणाली, “नको बोलत जाऊ खोटं, भाऊ. मी थकली आता.”

तर त्या बुधवारी, साडीची पिशवी स्कूटीले लटकवून तो तिच्या दारात गेला. खाट आत होती. बाई उशीले टेकून बसली होती. अंग सुकलं होतं, डोळे तेवढे मोठे. “जातो बाई,” म्हटलं. तिनं त्याचा हात धरला. कधी धरत नसे. म्हणाली, “सकाळी नाई पुसणार मी तुले.”

त्याले वाटलं, आस सोडली बिचारीनं. बरं झालं. तो निघाला.

चिचटोल्याले पोचला. गावाच्या आखरावर, गुरं जमते त्या मोकळ्या जागेत, मंडप. हत्तीचा कळप बाजूच्या जंगलात होता म्हणून गर्दी कमी. दूर दूर शेकोट्या. थंडी अशी का बोलताना तोंडातून धूर निघे. पडद्यामागं गेला तर सारी कंपनी मेल्यासारखी. रोजचं जागरण, रोजचा प्रवास. जाईचं काम करणारी पुनम पेटीवर डोकं टेकून झोपली होती. त्यानं उठवून साडी देल्ली. ते म्हणाली, “भाऊ, आज गळा बसला आहे. कसं गाऊ?” म्हटलं, “रोज गातेस तशीच गा बेटा.”

नाटक सुरू झालं. दाराचा सीन शेवटच्या अंकात. कुठी टाका उसवला तर पाहाले म्हणून जलालुद्दीनभाई विंगेत उभा. समोर स्टेजच्या मधोमध ते दार. प्लायवूडचं. इकडे घर, तिकडे अंगण. पाहणाऱ्याले दोन्ही बाजू दिसते. दार हलके होतं, वाऱ्यानं उघडे. म्हणून कंपनीवाल्यांनी कडीच्या कोंड्यात खिळा ठोकून ठेवला होता. उघडाचं कामच नव्हतं ना त्याचं.

पुनमनं गाणं सुरू केलं. गळा बसलेला. त्याच्यानं ते गाणं अजूनच खरं वाटे. आत मायचं काम करणारी बाई कडीवर हात ठेवून उभी.

अन् तिनं हात काढला.

असं नसते. तिनं हात काढाचा नसते.

ते मागं सरकली. एक पाऊल. अजून एक. जलालुद्दीनभाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते दाराकडे नव्हती पाहत. दाराच्या अलीकडे... जिथी आत्ता ते सोता उभी होती... तिथी पाहून राह्यली होती. जसं कोणी तिले बाजूले केलं. हातानं. हळूच.

जनरेटरचा आवाज खाली गेला. लाईट पिवळे झाले.

पुनम गातच होती. तिले आतलं दिसत नव्हतं.

मंग ते बी थांबली.

पेटीवाल्याचं बोट एकाच सुरावर राह्यलं. तो सूर नुसता वाजत राह्यला... वाजत राह्यला... अन् मंग तो बी गेला.

साऱ्या आखरावर एक आवाज नाई. पोरगं रडलं नाई. कुत्रं भुंकलं नाई.

कडी वाजली.

दार उघडलं. हळू. लय हळू. म्हातारं माणूस उघडते तसं.

दाराशी कोणी नव्हतं.

अन् आवाज आला. “ये.”

एवढंच. “ये.” झोपेतून उठल्यासारखा, थकलेला. माईक तिथी नव्हता. तरी शेवटच्या शेकोटीपर्यंत ऐकू गेला. जलालुद्दीनभाईले तो आवाज... सांगाची गरज आहे?

पुनम उठली. उंबरठा ओलांडून आत गेली. अन् तिथीच खाली बसून, डोकं कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावं तसं वाकवून, रडाले लागली. नाटकातलं रडणं नोहे ते. कोणीतरी पडदा ओढला.

लोकांनी टाळी वाजवली नाई. बाया हळूहळू उठल्या, आपापल्या बोऱ्या झटकल्या, अन् घरी गेल्या. नाटक अर्धं राह्यलं असं एकानं बी म्हटलं नाई.

मागं पेट्रोमॅक्सच्या... नाई, मोबाईलच्या उजेडात दार पाहिलं. खिळा जागीच. वाकलेला बी नाई. मायचं काम करणारी बाई कोपऱ्यात, पदर तोंडात कोंबलेला. पुनमले घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं. तिनं जलालुद्दीनभाईले पुसलं.

“भाऊ, हे कौतिका कोण व्हय?”

तो साडीच्या रिकाम्या पिशवीची घडी कराले लागला.

“मले कवेत घेतलं अन्... कौतिका म्हटलं. नाटकात असं कोणी नाई ना?”

त्यानं “नाई” म्हटलं. अन् निघाला. उजेडाची बी वाट पाहिली नाई. जंगलातून येताना त्याले ना हत्तीचं भेव वाटलं, ना अवसेचं. तो म्हणे, मले एकच वाटे. आज सांगाले काहीतरी आहे. पहिल्यांदा. खरं.

गल्लीत आला तवा फटफटलं होतं. रुखमाबाईच्या घरून भाचसुनेचा रडण्याचा आवाज येऊन राह्यला होता. शेजारचे जमले नव्हते अजून. ते म्हणाली, रातीच गेल्या मामी. झोपेतच होत्या. मंग उठून बसल्या. ज्यांना धरून उठवा लागे, त्या आपल्या हातानं उठून बसल्या. मी म्हटलं, काय पाहिजे? तर म्हणाल्या, काही नाई व, दार लावून झोपलीस ना, तेवढं खोलून ये. मी कडी काढली. वळून पाहिलं तर... संपलं होतं.

“किती वाजता?” त्यानं पुसलं.

तिनं सांगतलं. चिचटोल्याले दार उघडलं, तीच वेळ होती.

मंग भाचसुनेनं त्याले दाराकडे बोलावलं. म्हणाली, “भाऊ, मी कडी काढून आली, मंग रातभर यांच्याजवळून हलली नाई. कालपासून चूल पेटवली नाई. मंग हे कोणी केलं?”

लय दिवसानं घरचं माणूस परत आलं का आपल्यात काय करते, तुमाले मालूमच आहे. दारातच पायावर पानी टाकते. भाताचा मुटका, मुठीएवढा गोळा, ओवाळून बाजूले फेकते. मंग आत घेते.

उंबरठ्याबाहेरची जमीन ओली होती. बाकी अंगण सुकं. अन् बाजूले भाताचा मुटका पडला होता.

पौषातली पहाट. दवानं घोंगडी भिजंल अशी थंडी. जलालुद्दीनभाई खाली वाकला. भाताले बोट लावलं.

भात कोमट होता.