वॉरिकच्या वळणावरची पहिली फेक

"गळ काढून आमिष टाकायचं? मग मासा आला तर काय, हात हलवून टाटा करायचा त्याला?" जॅरेड म्हणाला.

टेगन हसली, पण जरा दबकतच. तिचे आजोबा जाऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यांनी हाताने कोरलेलं लाकडी आमिष तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, जॅरेडच्या, मांडीवर होतं, आणि शेकोटीपलीकडे आजोबांचे धाकटे भाऊ, क्लेमआजोबा, बसले होते. मागे लाल गमची, निलगिरीच्या जातीची, झाडं, पुढे लॅकलन नदी. तीस नोव्हेंबरची रात्र. कॉड माशाची अंडी फुटेपर्यंत नर पोकळ ओंडक्यात पहारा देत बसतो, तेवढे तीन महिने त्याला कोणी हात लावायचा नाही. ती बंदी आज मध्यरात्री उठणार होती.

"तुमच्या सिडनीत मासे आपणहून पिशवीत येऊन पडत असतील," क्लेमआजोबा म्हणाले. "इथे पहिली फेक त्या वर्षी गेलेल्या माणसाची. आमिष त्याचंच. टाकायचं त्याच्या रक्ताच्या माणसाने. आणि गळ काढून. आपल्या आमिषाचा आवाज त्याला ऐकू येतो, तो निवतो. मग आपण आपल्या माशांच्या मागे लागायला मोकळे."

"आणि गळ ठेवले तर?"

क्लेमआजोबांनी काठीने निखारे सारखे केले.

"लायल पेटिफर. हिल्स्टनला माझ्या शेजारी राहतो. टेगन ओळखते त्याला. त्याने हे मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. आणि बोलणं संपेपर्यंत खिडकीकडे एकदाही पाठ केली नाही."

*

ती रात्रही हीच, तीस नोव्हेंबरची. शनिवार होता, आणि आकाशात चंद्र नव्हता.

दुपारी लायल घरातून निघाला तो एवढ्याशा कामासाठी. मेहुण्याच्या शेडमधून एक आमिष घेऊन यायचं. मेहुणा म्हणजे वॉरिक, लायलच्या बायकोचा, नोलीनचा, एकुलता भाऊ. ऑगस्टमध्ये नदी फुगलेली असताना त्याची पत्र्याची होडी बुडालेल्या झाडाला धडकली. होडी सापडली, मासेमारीची काठी सापडली, एक बूट सापडला. वॉरिक नाही सापडला. पोलिसांचे पाणबुडे आले, गढूळ पाण्यात चाचपत राहिले आणि शेवटी निघून गेले.

शेड होतं तसंच होतं. वार्निशचा वास, लेथखाली भुसा, दाराशी त्याचा एप्रन. वॉरिक जुन्या इमारतींच्या तुळया आणून त्यांतून आमिषं कोरायचा. हातभर लांब ओंडका घेऊन बसला की संध्याकाळपर्यंत त्यातून तळहाताएवढं जनावर निघायचं. काळं, डोळे कोरलेलं, दोन्ही कुशींना पत्र्याचे पंख असलेलं. असं आमिष पाण्यावरून ओढलं की पंख वल्ह्यांसारखे चालतात आणि आवाज येतो, ट्लप, ट्लप, ट्लप. अंधारात एखादा उंदीर पोहत चाललाय असं वाटावं. इथली माणसं दुकानातलं प्लॅस्टिक घेत नाहीत. लाकडाचा आवाज लाकडाचाच, म्हणतात.

लायलने त्यातलं एक उचललं, पक्कडीने त्याचे दोन्ही गळ काढले आणि जाकिटाच्या खिशात टाकले.

घरी नोलीन पायरीवर बसली होती. ऑगस्टपासून तिचं एकच चाललं होतं. रोज संध्याकाळी नदीवर जायचं आणि अंधार पडेपर्यंत पाण्याकडे पाहत काठाने चालायचं. जेवण सुटलं होतं. एकदा लायल तिला शोधत गेला तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि का उभी आहे हे तिला सांगता येईना. त्या दिवसापासून लायल रात्री घराच्या किल्ल्या उशीखाली घेऊन झोपायचा.

"पहिली फेक झाली की शोधणं बंद," तिने त्याला शब्द दिला होता. "मग मी मुलीकडे जाईन थोडे दिवस. तू म्हणशील ते करीन."

लायलला बाकी काही नको होतं. त्याला बायको परत हवी होती. एवढी एक रात्र नीट पार पडायला हवी होती.

*

"म्हणजे ती बाई वेडी झाली होती?" जॅरेडने विचारलं.

"भाऊ नदीत पडलाय आणि पुरायला काही नाही," क्लेमआजोबा म्हणाले. "तू नाही झालास वेडा, तर मला येऊन सांग."

*

वॉरिकच्या वळणावर ते दोघं नऊच्या सुमाराला पोचले. तिथे नदी कोपरासारखी वळते आणि वळणाच्या पोटात खोल डोह आहे, बुडालेल्या झाडांनी भरलेला. कॉडचं घर. त्या रात्री गावातले बाकीचे लोक मुद्दाम दुसरीकडे बसले होते, ही जागा त्या दोघांना सोडून.

लायलने शेकोटी पेटवली, सॉसेज भाजले. नोलीनने चक्क एक खाल्ला. उकडत होतं, डास फोडून काढत होते, बेडूक कानठळ्या बसवत होते.

"आज फेकायचं काम माझं आहे ते बरं," ती म्हणाली. "तुझ्या आमिषांनी पाण्यापेक्षा झाडंच जास्त पाहिलीत."

"एकदा. एकदा अडकलं होतं."

"वॉरिक म्हणायचा, लायल आला की पक्षी आधी पळतात, मासे मागून."

दोघंही हसले. किती दिवसांनी! लायलला वाटलं, निभावतंय. तो लाकडं आणायला गाडीकडे गेला. अंगातलं जाकीट काढून त्याने खुर्चीवर टाकलं होतं, ते तिथेच राहिलं.

परत आला तर ती काठी घेऊन पाण्याच्या कडेला उभी होती. दूर, दुसऱ्या वळणावरून लोकांची आरोळी ऐकू आली. बारा वाजले होते. बंदी उठली होती.

नोलीनने फेकलं. सुंदर फेकलं, भावानेच शिकवलं होतं. डोहाच्या पलीकडच्या अंगाला आमिष अलगद पडलं.

ट्लप. ट्लप. ट्लप.

मग ती थांबली. ही वॉरिकची खास पद्धत. दोरा गुंडाळायच्या रिळाचे तीन फेरे, मग हात अगदी स्थिर. "आवाज ऐकून कॉड फक्त जवळ येतो," तो सांगायचा. "घेतो मात्र थांबल्यावर. थांबलं की त्याला वाटतं, हे दमलं, हे आपलं."

ट्लप. ट्लप. ट्लप.

थांबली.

कॉड पाण्यावरचं आमिष घेतो तेव्हा बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज होतो. लायलने तो हजारदा ऐकला होता. आत्ता आवाज झाला नाही. पाण्यावर वलयसुद्धा उमटलं नाही. फक्त काठी वाकली. हळूहळू. दोरा ताठ झाला.

ताठच राहिला.

लायल बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं. गळ नसलेलं आमिष... त्याला दोरा ताठ राहीलच कसा?

"नोलीन. गळ मी काढले होते."

"तुझ्या जाकिटात होते," ती वळून न पाहता म्हणाली. "मी परत लावले."

"अगं का? का लावलेस?"

"पोलिसांना नाही सापडला तो. मला सापडेल. त्याने घेतलं की मी सोडणार नाही."

"टाक ती काठी. नोलीन, खाली टाक!"

तिने दात-ओठ खाऊन रीळ फिरवलं. पलीकडचं ते वजन मासा नव्हतं. मासा डोकं झटकतो, धावतो. अडकलेला ओंडकाही नव्हता. ओंडका जागचा हलत नाही. हे नुसतं... धरून होतं. जसं आपण पलीकडून कोणाचा हात धरून ठेवावा तसं.

आणि मग एकदम दोरा सैल पडला.

तिने भराभर गुंडाळला. टोक हातात आलं. लायलने बॅटरी लावून पाहिलं. दोरा तुटला नव्हता. कापलाही गेला नव्हता. टोकाला गाठीची वळणं अजून तशीच होती.

गाठ सोडवलेली होती.

आमिष तिकडेच राहिलं होतं. गळांसकट.

*

टेगनने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. क्लेमआजोबा पुढे बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

*

बेडूक थांबले. सगळे, एकाच क्षणी.

मग पलीकडच्या काठावरून एक आवाज आला. ओळखीचा. रीळ मोकळं सोडून दोरा फेकल्यावर येतो तसा... बारीक, सळसळत येणारा. पण पलीकडचा काठ म्हणजे उभा कडा. तिथे पाय ठेवायला जागा नाही.

त्यांच्या पायाशी, कडेच्या पाण्यात, काहीतरी पडलं.

"नोली."

वॉरिकचा आवाज. अगदी जवळून. तिला नोली म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"नोली... नोली..."

मग शांत.

"वॉरिक!" नोलीन ओरडली. "अरे, कुठे आहेस? लायल, तो आहे! जिवंत आहे!"

खरं सांगायचं तर लायललाही तसंच वाटलं. त्याचे डोळे भरून आले. तो पुढे झाला, बॅटरी पाण्यावर फिरवू लागला. पाणी काळं. वर काही नाही.

"नोली... नोली... नोली..."

आता थोडा लांबून. डोहाच्या बाजूने.

शांत.

त्या शांततेत नोलीन पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत.

"थांब, मी दोर आणतो," लायल म्हणाला आणि गाडीकडे पळाला.

"नोली... नोली... नोली..."

शांत.

गुडघ्यापर्यंत.

लायल गाडीशीच खिळला. बुडणारा माणूस कसा ओरडतो, ते त्याला माहीत होतं. मोडकंतोडकं. मध्येच गिळलेलं. बुडणारा माणूस मोजून ओरडत नाही.

"नोली... नोली... नोली..."

तीन.

मग थांबणं.

आणि ती पुढे जात होती ती हाक ऐकून नाही. हाक थांबल्यावर जात होती.

ते कोणी बोलावत नव्हतं. तो आवाज ओढला जात होता. कोणीतरी पलीकडे, कड्याखालच्या अंधारात, हात स्थिर ठेवून... वाट पाहत होतं.

आवाज डोहाच्या मध्यावर पोचला आणि बंद झाला. मग पुन्हा ती सळसळ. पुन्हा काहीतरी कडेला, अगदी तिच्याजवळ पडलं. मासा चुकला की आपण काय करतो? त्याच जागी पुन्हा टाकतो.

"नोली..."

लायल धावला.

"नोली..."

"ऐकू नकोस! नोलीन, तो नाही तो!"

"नोली..."

शांत.

तिने तोंड उघडलं. उत्तर द्यायला असेल. आणि तिचं डोकं पुढे गेलं. आधी हनुवटी. हात नाहीत, पाय नाहीत, हनुवटी. मग मान. मग सगळी ती, आडवी, पाण्यावरून.

लायलने उडी मारली. कंबर सापडली. धरली. ती ओढली जात होती. जोराने नाही. सावकाश. दमवून दमवून. पाणी त्याच्या छातीशी आलं. गळ्याशी आलं. पाय तळाला लागेनात.

"वॉरिक!" तो ओरडला. "सोड तिला! गड्या, सोड!"

काही नाही.

पाणी तोंडात गेलं.

"तुझी बहीण आहे रे ती..."

कोणी बोललं नाही. पण ओढ थांबली. तो ताण तसाच राहिला, क्षणभर, जणू पलीकडचं कोणी विचार करत होतं...

मग सुटला.

दोघं मागे कोसळली. लायलने तिला केसांना, शर्टाला, हाताला लागेल तिथे धरून चिखलात ओढलं. शेकोटी, खुर्च्या, काठ्या सगळं तिथेच टाकून गाडी काढली. थेट घरी आणली. लायलने घरातले सगळे दिवे लावले आणि तिच्याजवळ बसून राहिला. उजाडेपर्यंत.

*

"गेली का ती?" टेगनने हळूच विचारलं.

"छे गं! मुलीकडे राहून आली, गावातल्या दुकानात कामाला लागली. परवाच भेटली मला. नदीवर जात नाही एवढंच."

"मग झालं ना नीट सगळं?" जॅरेड म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "धक्का बसला असेल त्यांना. पाण्याच्या ओढीने..."

"असेल," क्लेमआजोबा म्हणाले.

शेकोटी बसत आली होती. क्लेमआजोबांनी निखाऱ्यांवर आणखी एक लाकूड ठेवलं.

"त्या रात्रीनंतरच्या सकाळी ती उठली," मग ते म्हणाले. "तीन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून खायला मागितलं. लायलने टोस्ट केला, चहा दिला. म्हणाली, 'आता नाही शोधायचं मी त्याला.' तो बिचारा रडलाच. मग तिने चहाचा घोट घेतला... आणि चहा हनुवटीवर ओघळला. तिला कळेना कुठून. पुन्हा घोट घेतला. पुन्हा ओघळला.

लायलने तिला खिडकीपाशी नेलं. खालचा ओठ धरून उजेडात वळवला.

गळाच्या जाडीचं भोक होतं. गोल. आरपार.

रक्त नव्हतं. सूज नव्हती. डॉक्टरने पाहिलं, बोट लावून पाहिलं, तिला दुखलंही नाही. म्हणाला, ही काल रात्रीची नाही, जखम जुनी आहे. कडा भरून आल्यात... चांगली दहा-बारा वर्षं झाली असतील."