शिंगाची उलटी खाच

इन्स्पेक्टर मॉड रेन्शॉने तुटलेल्या धनुष्याचं टोक उचललं. टोकावर बसवलेल्या शिंगाच्या टोपणावर अ‍ॅग्नेस हॉडलचं रक्त वाळलं होतं.

गावच्या तिरंदाजी स्पर्धेत अ‍ॅग्नेसने जुन्या घडणीचं हे धनुष्य पुरतं ताणलेलं असताना ते टोकाशी मोडलं. तिचा डोळा गेला. धनुष्य घडवलं होतं तिच्या बापाने, गिल्बर्टने. तो इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून होता. लेकीच्या खोलीत पाऊल टाकायची त्याची छाती होत नव्हती.

आदल्या दिवशी धनुष्य क्लबात ठेवलेलं. किल्ल्या दोघांकडे. मॉडने आधी डन्स्टनला गाठलं. तो गिल्बर्टचा शिष्य. भांडून वेगळा झालेला.

"दोरीसाठी खाच कशी पाडतोस?"

"म्हाताऱ्याने शिकवली तशीच, एकाच बाजूला. आधी शिंग चिकटवायचं, मग करवत. आतल्या लाकडालाही रेघ पडते. भांडलो असेन, पण हात त्याचाच आहे माझा."

दुसरी किल्ली क्लबाचा चिटणीस रूपर्ट कॉलीकडे. तोही धनुष्यं घडवायचा. तो डुकराच्या मांसाची पेस्ट्री खात बसला होता.

"आणि तुम्ही?"

"दोन्ही बाजूंना खाच, बाई. शिंग कसंही फिरवा, काही बिघडत नाही." त्याने बोटांवरची चरबी चाटली. "संग्रहालयासाठी धनुष्यं घडवायचं काम गिल्बर्टला मिळणार होतं. आता कसलं मिळतंय? मी इस्पितळात त्याला सांगून आलो, हात थरथरायला लागले की थांबावं, गड्या."

मॉडला त्या बोटांकडे पाहवेना.

मॉडने धनुष्याचं टोक वाफेवर धरलं. चिकटवलेला सरस सुटला, शिंग निघालं. आतलं लाकूड पाहून ती तडक इस्पितळात गेली. व्हरांड्यात कॉली फुलांचा गुच्छ घेऊन गिल्बर्टच्या खांद्यावर थोपटत होता.

"हात काढा," मॉड म्हणाली. "शिंगाखालचं लाकूड कानशीने घासून बारीक केलंय. लाकडावर करवतीची रेघ डावीकडे, शिंगाची खाच मात्र उजवीकडे. कुणीतरी शिंग काढून परत चिकटवलं, ते अर्धं फिरवून. डन्स्टनने खाच रेघेवरच जुळवली असती. बाजू बघायची सवय नाही, ती तुमच्याच हाताला, कॉली. तुमच्या शिंगांना दोन्हीकडे खाच!"

कॉलीचा चेहरा पांढराफटक पडला. "संग्रहालयाच्या परीक्षकांसमोर फक्त धनुष्य मोडायचं होतं. पोरगी मध्ये आली."

"मध्ये आली? धनुष्य ताणणार होतं कोण? तिचा डोळा फोडून वर तिच्याच बापाला अक्कल शिकवायला आलास? शी! किळस येते तुझी."

शिपायाने त्याला नेलं. गुच्छ मॉडने कचऱ्याच्या डब्यात कोंबला.

गिल्बर्ट भिंतीला धरून उठला. "म्हणजे... माझ्या हातून नाही झालं?"

"नाही, काका. तुमचं काम चोख होतं."

त्याने दार ढकललं. "अ‍ॅगी, मी आलोय गं."

"किती वेळ लावलात, बाबा," आतून आवाज आला. "मला वाटलं, माझं तोंड बघवत नाही तुम्हाला."