घराबाहेरची प्रत

वायरवाला बॅकअप घ्यायचा की बिनवायरचा, यावर बहिणीच्या घरात त्या रविवारी दुपारी जी चर्चा रंगली, ती तिचं लग्न ठरवतानाही रंगली नव्हती.

बहीण मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि सगळी चित्रं एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर. आदल्याच आठवड्यात एक अख्खं पुस्तक तिच्याच हातून पुसलं गेलं होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान तिच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की आलं. बंद पडलेल्या डिस्क घेऊन रडवेली माणसं रोज येतात, त्यामुळे हा विषय निघाला की मला चेव येतो.

"वायरची डिस्क नकोच," मेहुणे म्हणाले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, पण नवं यंत्र दिसलं की त्यांच्या अंगात येतं. "ही बाई रोज आठवणीने वायर जोडेल असं वाटतं तुम्हाला?"

"मग इंटरनेटवर ठेवू," बहीण म्हणाली.

"आपलं इंटरनेट? तोवर ठमी कॉलेजात जाईल!"

ठमी म्हणजे त्यांची दीड वर्षाची लेक. तिला एकच शब्द येतो, 'मामा'. आई मामा, बाबा मामा, पंखाही मामा. पण खरा मामा मी, आणि ते तिलाही ठाऊक आहे. दिसेल ती वस्तू माझ्या हत्यारांच्या पिशवीत कोंबणं हा तिचा आवडता उद्योग.

शेवटी मी आणलेला डबाच पसंत पडला. पांढरा, साबणाच्या वडीएवढा, कंपनी फारशी कोणी न ऐकलेली. वाय-फायला जोडायचा आणि विसरून जायचं. घरातला लॅपटॉप चालू असला की तो आपणहून प्रत घेत राहतो. खोकं मेहुण्यांनीच फोडलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मग रेंज तपासायला लॅपटॉप घेऊन मी जिना उतरलो आणि ते वरून ओरडत राहिले, "आहे का? अजून आहे का?" फाटकाशी रेंज गेली.

"माझ्या दुकानापर्यंत येत नाही," मी म्हणालो. "बरंच आहे. एक प्रत नेहमी घराबाहेर ठेवावी. घराचं काही झालं तर..."

"झाली दादाची टकळी सुरू," बहीण हसली.

पहिली प्रत पूर्ण झाली आणि पडद्यावर तारखा उमटल्या. सर्वात वर आजची. तिच्या खाली गेल्या आठवड्यातली. गेल्या वर्षातल्या. त्याही आधीच्या. डबा तर आत्ताच प्लास्टिकमधून बाहेर काढलेला.

"लॅपटॉपमधलं जुनं काहीतरी उचललं असेल," मी म्हणालो. मला ते फारसं पटलं नाही, पण बहिणीला धीर कुठला! तिने गेल्या आठवड्यातली तारीख उघडली, आणि पुसलं गेलेलं पुस्तक जसंच्या तसं परत आलं. ती किंचाळलीच. ठमीला उचलून तिने खोलीभर गिरक्या घेतल्या. मेहुण्यांनी शिट्टी वाजवली. मलाही आनंद आवरेना.

चहा झाला. माझ्या हातात तिचा निळा कप होता. त्या आठवड्यातच त्याचा कान तुटला होता; केराच्या डब्यात तो कान मीच टाकला होता.

"चिकटवलास का गं?"

"नाही." तिने कप हातात घेऊन फिरवून पाहिला. कानाला सांधा नव्हता.

"अहो, तुम्ही नवा आणलात ना?" तिने नवऱ्याला विचारलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "सगळा लॅपटॉपच तीन वर्षं मागं नेऊया का? तेव्हा कसला पळायचा!"

"आज नको," मी म्हणालो. "दुकानातून दुसरी डिस्क आणतो. आधी एक प्रत तिच्यावर घेऊ. तोवर हात लावू नका."

मी निघालो तशी ठमीने गॅलरीच्या गजांतून हात काढून "मामा! मामा!" असा गजर लावला. दुकानात पिशवी उघडली, तर आत तिचा एक बूट. लाल, पुढून घासलेला, तळव्याला बागेतली माती. मला हसू आलं. बूट आणि डिस्क घेऊन मी धावतच परत निघालो.

जिन्यात भुरी पायाला घासून गेली.

भुरी त्यांची मांजर. ती मेली तेव्हा अंगणात खड्डा मी खणला होता. ठमीच्या जन्माच्या आधी.

"दादा, बघा कसा पळतोय!" मेहुणे दारातच नाचत होते. "राहवलंच नाही हो!"

पाळण्याच्या जागी बहिणीचं जुनं टेबल होतं. गॅलरीत कोणी नव्हतं.

"ठमी कुठंय?"

"कोण?"

"ठमी. मामाला बूट द्यायचाय तिचा."

बहीण हसली. "मामा? तुला मामा म्हणणारं कोण आहे रे आपल्याकडे?"

म्हणता म्हणता तिचं हसू ओसरलं. ती भुरीला घेऊन आत गेली. मेहुण्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. "दादा, डॉक्टरांकडच्या चकरा चालू आहेत," ते हळूच म्हणाले. "तिच्यासमोर हा विषय नको."

मी लॅपटॉप ओढून घेतला. तारखा तीन वर्षांपूर्वीच थांबल्या होत्या. वर काहीच नव्हतं.

बूट माझ्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये आहे. तिचे पुढचे दोन दात, तिचा आवाज, सगळं मला आठवतं. मी रोज आठवून बघतो. त्या घरी आता मी जात नाही, फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही.

आज सकाळी मेहुण्यांनी गॅलरीतून हाक मारली. आनंदाने त्यांचा आवाज चिरकत होता. "दादा! नवा डबा आणलाय, मोठ्या रेंजचा! एक जुनी तारीख उघडलीय, बघा, तुमच्या दुकानापर्यंत येतोय का!"

मी ड्रॉवर उघडला.

बूट होता. तळव्याला माती नव्हती. पुढे कुठे घासलेलाही नव्हता. आणि आत, दुकानात नव्या बुटात घालून देतात तसा, कागदाचा बोळा होता.