उजव्या बाजूचा ठिपका

"लस कोणत्या हाताला घेतली?" हे विचारून विचारून माझ्या जिभेला घट्टे पडलेत. तळघरातल्या स्कॅनच्या खोलीत माझी नोकरी. कॅन्सरच्या पेशंटला किरणोत्सारी साखर टोचायची आणि ती शरीरात कुठे चकाकते ते पाहायचं. गाठ चकाकते. पण नुकतीच लस घेतली असेल, तर त्या बाजूची काखही तशीच चकाकते. म्हणून हात विचारायचा. लोक शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न कुणाशी ठरलं ते सांगतात, हात सांगत नाहीत.

त्या दुपारी एक निवृत्त मास्तर आले, सोबत लेक. मास्तरांचा उजवा हात गाठीपायी खांद्यापासून काढलेला. म्हटलं, सुटलो. तरी सवयीने विचारलंच.

"उजव्या," मास्तर म्हणाले.

"काका, उजवा..."

"डावा एकच उरलाय कामाचा. तो सुजवून कसं चालेल? नर्सला म्हटलं, उजव्याला दे."

लेकीने कपाळावर हात मारला. लशीच्या वेळी नर्सने सुई भरलेली तिने पाहिली होती, पुढे पडदा ओढला गेला. आजच हे ध्यान माझ्या वाट्याला यायचं होतं.

"हात डोक्यावर घ्या," मी सांगितलं. डावा वर गेला. उजवा खांदाही जरासा हलला.

चित्र आलं. उजवी काख धगधगत होती. आणि डोक्याच्या वर, जिथे नुसती हवा, तिथे एक बारीक ठिपका.

किरणोत्सारी साखरेचा थेंब सांडला असणार. मी वैतागून चादर बदलली, टेबल पुसलं, मास्तरांना हलू नका म्हणून बजावलं आणि छातीवरचा पट्टा करकचून आवळला. पुन्हा चित्र घेतलं.

ठिपका होताच. पण आता खाली, बरगड्यांशेजारी.

स्पीकरवर मास्तरांचा आवाज आला. "माफ करा... हात अवघडला होता. खाली घेतला."

काचेतून पाहिलं. डावा हात डोक्यावरच होता.

डॉक्टरांच्या मते ठिपका म्हणजे सांडलेला थेंब आणि काख म्हणजे पसरलेली गाठ. कडक औषध लगेच सुरू करायचं म्हणाले. ते सोसायची ताकद मास्तरांत उरली नव्हती, हे कुणालाही दिसत होतं. लेक बाहेर मला एकच विचारत होती, बाबा यातून उठतील ना. मी डॉक्टरांशी हुज्जत घातली, लस उजव्या हाताला घेतलीय म्हणून सांगितलं.

"कोणत्या उजव्या?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून दीड महिना थांबायला तयार झाले.

दीड महिन्यानंतरच्या स्कॅनमध्ये काख विझलेली होती. गाठ पसरलीच नव्हती. लेक भिंतीला टेकून रडली.

मास्तरांना सोडवायला आत गेलो. पट्टा डावीकडे अंगाला चिकटून होता. उजवीकडे मात्र तो टेबलापासून उचललेला, खाली काहीच नाही. मी तळव्याने दाबून पाहिला. दबेना.

"हळू सोडा..." मास्तर कुजबुजले. "मागच्या वेळी फार आवळला होता तुम्ही."