आत्याबाईंचे मागचे पाय

मायक्रोस्कोपला डोळा लावायला गेले, तर कपाळच आपटलं. माझं उंच स्टूल कुणीतरी गरागरा फिरवून पार खाली आणून ठेवलं होतं.

"कुणी केला हा उद्योग?"

"मी." दारात ॲनिमल हाउसचा नवा पशुवैद्य उभा. केस विस्कटलेले, बाह्या मुडपलेल्या आणि चेहऱ्यावर चक्क हसू. "काल जाताना पाहिलं... तुमचे पाय लोंबकळत होते. मुंग्या येत असतील ना?"

"येऊ देत! पाय माझे, मुंग्या माझ्या. आता मी बघू कशानं — कपाळानं?"

तो आणखी हसला. मला भयंकर राग आला. हसताना तो बरा दिसतो, याचा तर जास्तच.

तसंही त्या दिवसांत मला राग यायला निमित्त लागत नव्हतं. अंतराळात वजन जाणवेनासं झालं की रक्तवाहिन्यांचं काय होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. उंदरांना अंतराळात कोण नेणार? म्हणून आम्ही त्यांची शेपटी वरच्या साखळीला अलगद अडकवतो. पुढच्या पायांनी ते पिंजराभर हिंडतात, खातात-पितात. मागचे पाय मात्र अधांतरी. भार गेला की त्या पायांतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ होतात. आई फोनवर विचारायची, "अजून उंदीरच टांगतेस का गं? लोकांना सांगू तरी काय?"

बाकी सगळ्या उंदरांच्या भिंती शहाण्यासारख्या पातळ झाल्या होत्या. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातल्या एकीच्या मात्र जाडजूड, जणू बाईसाहेब रोज फिरायला जात होत्या! मी पुन्हा रक्तवाहिन्यांचे काप घेतले, पुन्हा रंगवले. नाकी नऊ आले. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तुझाच हात चुकतोय. हे निस्तरल्याशिवाय मी प्रबंधावर सही करणार नाही."

स्टूल वर करता करता माझा हात थांबला. लोंबकळणारे पाय... आणि ते न बघवणारा माणूस! मी तरातरा ॲनिमल हाउसमध्ये गेले.

"कोपऱ्यातल्या पिंजऱ्याची साखळी तुम्ही सैल केली होती?"

"आत्याबाईंची?"

"आत्याबाई?"

"सारखी नाक मुरडायची ना ती. खाणंच सोडलं होतं. एक कडी सैल केली, मागचे पाय टेकले — लगेच खायला लागली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाय टेकले की भार आला! प्रयोग संपला तिचा! मला सांगायचं होतंत, तिला बाहेर काढलं असतं. सगळ्या कामावर पाणी फिरवलंत!"

त्याचा चेहरा उतरला. "सांगायला आलो होतो. जनावरांशी बोलता येतं मला. तुमच्यासमोर आलो, की... जीभच उचलत नाही."

"आता बरी उचलतेय!"

"आता तुम्ही ओरडताय. त्यामुळे सोपं जातंय."

मी कपाळाला हात लावला. तेच, सकाळी आपटलेलं.

तो मात्र सरळ मॅडमकडे निघाला. "अहो, नोकरी जाईल!" मी मागून म्हटलं. "आणि तुमचा प्रबंध?" एवढंच बोलून तो आत गेला. मॅडमचा चढलेला आवाज जिन्यापर्यंत येत होता, आणि मी बाहेर ओढणीचं टोक पिळत उभी होते. का, कुणास ठाऊक.

नोकरी वाचली. आत्याबाई निकालातून बाद, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, माझा प्रबंध लांबणीवर. आणि त्याला ताकीद — यापुढे काहीही करायचं असेल, तर आधी हिला विचारायचं.

झालं! माझ्या डोक्याला कायमचा ताप. "पाणी बदलू का?" "तो उंदीर डोळे बारीक करतोय, बघता का?" "पंखा लावू का?" जीव नकोसा केला त्यानं. आणि एके दिवशी तो रजेवर गेला, तर मी चारदा दाराकडे पाहिलं. स्वतःचाच इतका संताप आला!

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. हातात घासूनपुसून गुळगुळीत केलेला लाकडी ठोकळा. "स्टूलला हात लावलेला नाही. हे पायांखाली... ठेवू का?"

"ठेवा."

पाय टेकले. डोळाही बरोब्बर भिंगावर आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मुंग्या नव्हत्या.

"अजून एक विचारायचं होतं..." तो म्हणाला, आणि गप्प. पंखा फिरतोय, उंदीर कुरतडतायत, हा आपला माझ्याकडे बघतोय. जीभ अडकलीच शेवटी! वाट बघून बघून माझा जीव मेटाकुटीला आला.

"अहो, बोला की एकदाचं!" मी जोरात ओरडले.

"तुम्ही मला फार आवडता," तो घडाघडा म्हणाला.

"मलाही तुम्ही आवडता," मी त्याहून मोठ्यानं ओरडले. "आणि आईला फोन तुम्हीच करायचा!"